आधी सांगून

रुबीना तांबोळी आधी सांगते,
"आता डाव्या खांद्याला हात लावते हं, काका."
मग तीन मोजते. मग लावते.
तळहात आधीच एकमेकांवर घासून
ऊन करून आणलेले.

बाकी कुणी सांगत नाही.
कुकर सांगत नाही, बेल सांगत नाही,
धानोरीवरून लोहगावची लढाऊ विमानं जातात,
आवाज पोचतो तोवर ती पुढे निघून गेलेली असतात
आणि मी पाठीपासून पोटापर्यंत एकच फळी.
कुंदा म्हणते, कपाट आडवं व्हावं तसे पडता तुम्ही,
हातसुद्धा पुढे करत नाही.

चार वर्षं सगळे म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
एक म्हणाला, गॅसेस.
मग रक्ताची बाटली कुठंतरी लांब गेली
आणि इंग्रजी तीन शब्दांचं नाव घेऊन परत आली.
खालचे गव्हाणे अजून लकवाच म्हणतात.
म्हणू दे.

भोसरीत कंपनीच्या गेटवर माईक धरून
मी ओरडायचो, मोडू पण वाकणार नाही!
टाळ्या पडायच्या.
शरीरानं ते तेव्हाच लिहून घेतलं असावं,
सही-शिक्क्यासह.
आता सोमवार-बुधवार-शुक्रवार, सव्वाअकराला,
निळ्या मॅटवर
वाकायचं शिक्षण चालू आहे.

बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो.
जाम नटाला पाना लावून लटकणारी नवी पोरं पाहिलीत.
आटे जातात, दुसरं काही होत नाही.
तेल सोडायचं. जेवून यायचं.
बाजूनं हलकं ठोकायचं, थोडी ऊब द्यायची,
आणि सुटला तर आरडाओरडा करायचा नाही.
हे मी रुबीनाला कधी सांगितलं नाही.
तिला येतं.

"गुडघा छातीकडे. श्वास सोडा.
जिथं अडेल तिथंच बसू जरा,"
जणू गुडघा म्हणजे कुणाच्या दारापुढचा कट्टा.
मग ती कोनमापक लावते, वहीत लिहिते.
सदुसष्ट. परवा बहात्तर होते.
"गोळी वेळेवर घेतली?"
मी कुंदाकडे बघतो, कुंदा पंख्याकडे.

ती गेली तरी तिची सवय घरात राहिली.
"मिक्सर लावते!"
"दार ओढतेय!"
"दुसरी शिट्टी होईल आता!"
स्वारगेटच्या फलाटासारखी घोषणा करत फिरते कुंदा,
शेजारची चिमी खिडकीतून विचारते,
"काकू, मी शिंकू का?"

आणि मी?
संपावर बसलो ते कुंदाला पेपरातून कळलं.
सोसायटीचं कर्ज काढलं ते वसुलीवाल्याकडून.
डबा आपटायचो, दार आपटायचो,
ती भांडी घासता घासता दचकायची,
खांदे वर, मान आत,
नेमकी तशी,
जशी आता माझी होते.
एकदाही म्हणालो नाही, आवाज करतोय हं.

काल रात्री अंधारात म्हणालो,
"कुंदा, एक सांगायचंय."
ती उठून बसली. "कुठं आखडलं?"
कुठं नाही, म्हणालो. झोप.

आज रुबीनानं रस्त्यावर नेलं.
मेडिकल समोरच दिसतं, पण मधे
एवढं मोकळं डांबर, धरायला काही नाही.
घाम मानेतून खाली.
ती डाव्या बाजूला, कुंदा उजव्या.
"उजवीकडून दोन स्कूटी. मग टेम्पो.
टेम्पोवाला हॉर्न देणार. दिला. गेला.
आता आपण."
अकरा पावलं. बाराव्याला दुभाजक.
तिथं पाय सिमेंटचे झाले.
पाण्याच्या टँकरनं धूळ उडवली,
शेवाळी कुंडीतली बोगनवेल आमच्यासारखीच
दोन्हीकडच्या वाहतुकीत उभी.

"पुढे की मागे, काका?" रुबीनानं विचारलं.
कुंदानं काही विचारलं नाही,
तिचा हात माझ्या कोपराजवळ
टेकायचा बाकी.

थांबा, म्हणालो.
सांगतो.